जावेनं दिलेलं बियाणं

माझं माहेर चोपडे गावचं, खाडीकाठचं, आणि दिली मला वर इब्रामपुरात. काय सांगू तुम्हाला, आल्या दिवसापासून मोठ्या जावेचं नि माझं पटलं नाही. सासू होती तोवर चूल एक, सासू गेली आणि घराचे दोन भाग झाले. बियाण्याची मुडी मात्र तिच्याच भागात. मुडी म्हणजे गवतात घट्ट बांधून ठेवलेलं भात, सासूचं तांबडं भात, बाळंतिणीला, आजाऱ्याला गावभर त्याचीच पेज जायची. मुडी मोठीनं जपायची आणि पेरणीला धाकटीला सूप भरून द्यायचं, ही आमच्या घरची रीत.

वाटणीच्या वर्षीही तिनं सूप भरून दिलं. मी भिजत घातलं, दाबून ठेवलं, मोड येईना. म्हटलं येईल मागाहून, पेरलं, तर वाफ्यात सगळं कुजून वास सुटला. शेजाऱ्यांचा तरवा, लावणीची रोपं, हिरवागार नि माझा वाफा काळा! उरलेला दाणा सोलून दाताखाली धरला तेव्हा कळलं. कच्चा दाणा पांढुरका असतो, त्याचा भुगा होतो. हा काचेसारखा, कडकन तुटला. उकडलेलं भात ते, उकडलेलं! आमच्यात भात भाणात, मोठ्या हंड्यात उकडतात, वाळवतात, मग कांडतात, कोंड्यातला कस त्या उकडण्यात दाण्यात उतरतो, म्हणून तर ती पेज पिऊन माणूस दुपारपर्यंत राबतो. पण दाण्याच्या टोकाला कोंब असतो ना, तो उकडताना मरतो. खायला चांगलं, पेरायला मढं. आणि वाळल्यावर घाईत बघणाऱ्याला ते ओळखू येत नाही.

तशीच गेले तिच्या खळ्यात. वैनी, ह्या काय दिलंस माका? तर म्हणते, तुझो हातच तसो, तुझ्या हातान काय रुजतला? आणि हसली. हसली हो ती! मूठभर भात तिच्या तोंडावर मारलं नि आले, तेव्हापासून बोलणं बंद.

पुढे तिच्या मुलांनी शेतं विकली, मुडी उंदरांनी फस्त केली, बाजाराचा पांढराफेक तांदूळ आला घरात, कोंडा नाही, कोंब नाही, नुसतं पीठ. मी दोडामार्गाहून बहिणीकडचं बी आणून वाढवलं. तेही तांबडंच, पण सासूच्या भाताचा वास त्याला नाही. ते गेलं ते गेलंच. अजून आठवलं की जीव जळतो माझा.

आता ती खाटेला खिळली आहे. दोतोर म्हणाला, पांढरा तांदूळ बंद, कोंड्यासकट तांबडा द्या. तिचा मुलगा मागच्या दारी आला, काकी, थोडी पेज मिळात? खाली मान घालून उभा. दिली. रोज देते, स्वतः नेऊन देते, आणि खाटेशी उभी राहते, शेवटची कुलेर, शेवटचा चमचा तिच्या तोंडात जाईपर्यंत हलत नाही. ती वर बघत नाही. लोक म्हणतात, मन मोठं गो तुझं. कसलं मन नि कसलं काय! माझं देवाकडे एकच मागणं आहे, तिला उदंड आयुष्य दे. चांगली खूप वर्षं जगू दे तिला, आणि रोज माझ्याकडचं खाऊ दे.