स्टेशन कसं झालं

तिकिटाच्या रांगेत माझ्या पुढचा माणूस या पायावरून त्या पायावर होत होता.

"मास्तर, तिकीट नंतर. आधी सांगा, संडास कुठे आहे?"

"अहो, त्याच्यापायीच तर हे स्टेशन झालं!"

"म्हणजे?"

"रेल्वेच्या बड्या साहेबांचं पोट बिघडलं. गाडी इथेच थांबवून ते समोर आमच्या आजोबांच्या घरी पळाले. मोकळे झाले आणि खूश होऊन स्टेशन मंजूर केलं."

"इतिहास पुरे हो! संडास?"

"बाकडं आलं, घड्याळ आलं, पंखाही आला. संडासाचा अर्ज पासष्ट वर्षं वर पडून आहे."

"मग मी काय करू?"

"साहेबांनी केलं तेच. समोरचं निळं दार, आमचंच घर. आमची बायको बादली भरूनच ठेवते. आणि सावकाश या, तुम्ही आल्याशिवाय मी हिरवा झेंडा दाखवत नाही."