दोनशे मेंढरं आन एक मासा

...आन गरम पाणी पायजे म्हणं त्याला! ऐका! माशाला! जो पाण्यात जन्मला, पाण्यात वाढला, त्याला पाणी गार लागतं म्हणं, त्याच्यासाठी विजेची कांडी लावायची, आन मी, ज्यानं माघाच्या थंडीत उघड्या रानात एका घोंगडीवर दिवस काढले, त्या म्या रोज सकाळी उठून काचेला नाक लावून इचारायचं, का रं बाबा, हुडहुडी तर नाय ना भरली तुला?... हसू नका. म्हणजे हसा, मला काय, पर अगुदर ऐकून तर घ्या. नीट सांगतो. मला घाईत सांगता येत नाय, मेंढरामागं चालून चालून माझी जीभबी त्यांच्याच चालीनं चालायला लागलीया.

मी केरबा. धनगराचा. अक्षर एक येत नाय, पर दोनशे मेंढरं राखली म्या, आन दोनशेच्या दोनशे तोंडावरून वळखायचो. ही लंगडीची लेक, ही भुरीची नात, ह्या कानफाट्याला पाचोडच्या बाजारात कुत्रं लागलं होतं... पर दोन सालामागं गुडघा गेला. माझा पोरगा बन्सी, कंपनीत कामाला हाय, सूनबाईबी तिथंच, त्यानं म्हणलं, "बास झालं बाबा," आन मला आन माझ्या बायकूला, म्हाळसाबाईला, उचलून आणलं शहरात, पडेगावला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. मेंढरं गेली धाकट्या भावाकडं, बिरूकडं. आता तिसऱ्या मजल्यावरून दिसतं काय? दौलताबादचा रस्ता दिसतो. दिवाळी झाली का त्याच रस्त्यानं बिरू कळप घेऊन लांब चरायला निघतो. मी ग्यालरीतून बघायचो. आन तुमाला सांगतो, वरून मेंढराचं तोंड दिसत नाय. नुसत्या पाठी दिसतात. दोनशे पाठी, आन एकबी वळखू येत नाय!

म्हणून औंदा म्या बन्सीला म्हणलं, लेका, एक खेप मला जाऊ दे बिरूसंगं. गुडघा आता बरा हाय.

बन्सी म्हणतो, "बाबा, तुमी चष्मा सांभाळत नाय, गोळ्या सांभाळत नाय, मेंढरं काय सांभाळणार?"

आन चष्मा खरंच सापडत नव्हता.

आखाडात एक दिवस आला पिलास्टिकची पिशवी हलवत. पिशवीत पाणी, पाण्यात बोटाएवढा मासा. निळा, आन शेपूट अशी लांब, जशी लुगड्याची फाटकी दशी. म्हणतो, "बाबा, फायटर हाय ह्यो. दिवाळीपस्तोर ह्याला जिता ठेवा. ठेवलात तर खुशाल जावा बिरूकाकासंगं, मी अडवणार नाय. मेला, तर हा इषय परत काढायचा नाय."

मी मनात हसलो. दोनशे मेंढरं राखली म्या, आन ह्यो एक मासा!

त्या हसण्याचं फळ भोगतोय बगा.

पहिल्याच दिवशी म्या त्याला माठात ठेवला. म्हणलं, जिवाला थंडावा पायजे. कोणत्याबी जित्राबाला गार पाणी आवडतं का नाय? माठ नवा, पाणी गार, वर वला फडका बांधला, आन मी आपला निवांत. तिसऱ्या दिवशी बघतो तर मासा तळाला! आडवा! म्हाळसा म्हणती, "मेला का?" मी म्हणलं, "झोपलाय." ती म्हणती, "डोळं उघडं ठिवून?" आता माशाला पापण्याच नसतात हे आमा दोघांना कुणी सांगितलंय?

तसाच माठ मांडीवर घेतला, रिक्षात बसलो, क्रांती चौकात माशाच्या दुकानात गेलो. जब्बारभाई म्हणून दुकानदार हाय, भला माणूस, त्यानं माठात वाकून बघितलं आन कपाळाला हात लावला. "अरे चचा! मटके में कायकू डाले? ये ठंड से मर रा! इसकू गरम पानी होना!"

मी म्हणलं, माशाला गरम पाणी? कालवण करायचंय का त्याचं?

जब्बारभाई हसला नाय. एक एक काढून पुढ्यात मांडायला लागला. वीस लिटरची काचेची टाकी, तिच्यात धुतलेली वाळू, एक स्पंजाचं यंतर, जे हळूच बुडबुडं सोडतं आन पाण्यातला गाळ धरतं, हळूच बरं का, जोरानं सोडलं तर ह्याची शेपूट दमती म्हणं, मग पाणी ऊन ठेवायची कांडी, मग काचेला डकवायचं ताप बघायचं यंतर, आन झाडं, ती पण खरी, कारण पिलास्टिकच्या पानानं शेपूट फाटती... आन वर झाकण! मी म्हणलं झाकण कामून? "कूदता है चचा." कुदून जाणार कुठं, तिसऱ्या मजल्यावरून? आन झाकणाखाली चार बोटं जागा मोकळी सोडायची, कारण हा मासा वर येऊन आपल्यावाणी हवा घेतो. म्हणजे राहायचं पाण्यात, श्वास घ्यायचा बाहेर, कुदायचं बाहेर, आन कुदला का मरायचं! मेंढराचं असं नसतं हो. मेंढराला सांगितलं बस, का बसतं.

बरं, आणलं सगळं. टाकी मांडली, ऊन लागणार नाय अशा कोपऱ्यात. म्हणलं, चला, सोडतो आता. तर जब्बारभाईनं जाताना बजावलं होतं, "नक्को चचा, अभी नक्को! पहले पानी पकने दो." पाणी पिकू द्यायचं म्हणं! आंबा हाय का? वाळूत, स्पंजात बारीक जीव धरतात, ते घाण खातात, ते धराया तीन-चार आठवडं लागतात, तोवर मासा बरणीत, कोपऱ्यात, रोज थोडं पाणी बदलत. थांबलो. थांबणं मला येतं. मेंढी व्यायची वाट बघत अख्खा दिवस बांधावर बसलोय मी.

पर पाणी आणायचं कुठून, ते इचारा ना. आमच्याकडं नळाला पाणी आठव्या दिवशी. आठव्या! ते म्हाळसा डरमात भरती, आन त्या डरमावर तिचा असा पहारा का, वाघ परवडला. नळाचं पाणी माशाला तसंच चालत नाय, एक दिवस उघडं ठेवायचं, मग घालायचं. म्हणजे माशासाठी वायली बादली. म्हाळसा म्हणती, "मला आंघुळीला अर्धी बादली, आन ह्या बोटभर मेल्याला वीस लिटर? जावई हाय का ह्यो?" मी म्हणलं, अगं दर आठवड्याला सगळं नाय बदलायचं, पाव हिस्साच. तर म्हणती, "जावयालाबी इतकं केलं नाय आपण." ते मातर खरं हाय.

शेवटी सोडला टाकीत. फिरला, हिंडला, शेपूट पसरून माझ्याकडं असा बघितला, अगदी टकरीला आलेल्या एडक्यावाणी. पर एकटा! तुमाला सांगतो, एकटं जित्राब मला बघवत नाय. मेंढरू एकटं पडलं का खात नाय, झुरतं. मी परत गेलो क्रांती चौकात, म्हणलं जोडीदार द्या. जब्बारभाई ओरडलाच, "दो नर एक जगा? फाड डालेंगे एक दूसरे कू!" म्हणजे एकटाच ठेवायचा. जनमभर. बरं बाबा. मग मीच बसाया लागलो त्याच्यासमोर. तो आत, मी बाहेर. दोघंबी काचेतून बघायचो. दुसरं काम काय होतं मला?

आन खाणं! तीन दाणे सकाळी, तीन दाणे सांजच्याला. मोहरीपेक्षा बारीक. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं म्हणं. माझा हात थरथरतो, तिनाचे सात पडतात, मग चमच्यानं चार काढत बसा, आन तोवर त्यानं गिळलेले असतात! दोनशे मेंढरं राखली म्या, आजवर कुणाचा घास मोजला नव्हता.

असं करत करत दसरा गेला. मासा जिता. दिवाळीला उरले आठ दिवस. घोंगडी झटकली, काठीला तेल लावलं, बिरूला सांगावा धाडला. आन एके दुपारी बघतो तर काय... पाण्यावर फेस! कोपऱ्यात, झाडाच्या पानाखाली, पांढरा, दाट, बुडबुड्याचा फेस, आन मासा त्याच्याखाली तोंड वर करून उभा. फेस, तुमाला सांगतो, धनगराला फेस दिसला का त्याला दुसरं काय सुचत नाय. वलं हिरवं खाल्लं का मेंढरू फुगतं, तोंडाला फेस येतो, आन घटकाभरात पाय झाडून जातं. त्याला एकच औषीद. गोडंतेल. नळीनं पाजायचं, फेस मोडतो, जीव वाचतो. कैक मेंढरं वाचवली म्या तशी. जब्बारभाईला फोन लावायचा तर बन्सीच्या हातानं, आन बन्सी कंपनीत. मी इचार केलाच नाय. सैपाकघरात गेलो, पळी भरली, आन...

व्हय. ओतली टाकीत.

फेस मोडला. क्षणात मोडला! मी म्हणलं, वाचला. आन मग मासा हवा घ्यायला वर आला... आन वर तेल. त्यानं तोंड लावलं, खाली गेला, परत आला, परत तेल. त्याला हवाच घावंना! दोनशे मेंढरं राखणाऱ्या माणसानं एका माशाच्या नाकावर झाकण ठेवलं बगा! म्या म्हाळसाला हाक मारली, आन ती बाई, जी चार महिने त्याला मेल्या म्हणत होती, तिनं बन्सीचा पेपर आणला, पाण्यावर अलगद अंथरला, उचलला, परत अंथरला, कढीवरचं तेल टिपावं तसं. मग म्हणली, "पाणी काढा अर्धं." मी म्हणलं, घालू कुठलं? नळ परवा. माशाची बादली पुरायची नाय. ती उठली, डरमावरचं झाकण काढलं, प्यायचं पाणी, सहा दिवसाचं शिळं, आन म्हणली, "घ्या. सगळं घ्या. आपण शेजारून मागू." ते हाताला लागंल इतकं ऊन केलं, आन तांब्या तांब्यानं घातलं.

सांजच्याला तो वर आला. एक घोट हवा घेतला. मीबी घेतला. तोवर घेतला नव्हता.

बन्सी आल्यावर जब्बारभाईला फोन लावला. तो तिकडून ओरडतोय, "तेल? तेल डाले? चचा, वो बीमार नई था! वो घर बनाया था! नर खुश हुआ तो बुडबुडे का घर बनाता, बीवी आयेगी बोल के!" म्हणजे ऐकलं का तुमी? तो सुखी होता. चार महिन्यांत पहिल्यांदा सुखी झाला, थुंकीथुंकीनं घर बांधलं, आन म्या त्याच्यावर पळीभर गोडंतेल ओतलं.

पर जगला! दिवाळी झाली, बन्सीनं टाकीत बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणला, "जावा बाबा. बोललो ते बोललो." आता माशाचं कोण करणार? बन्सी-सूनबाई दिवसभर कंपनीत. उरली म्हाळसा. तिला तीन दिवस शिकवलं. तीन दाणे, म्हाळसा. तीन. ती म्हणती, "कळलं की, धनगराची लेक हाय मी." आन मूठ भरती!

निघायच्या दिवशी सकाळी खाली घंटा वाजाया लागल्या. आख्खा रस्ता पांढरा-काळा. बिरूनं हाळी दिली, "दादाऽऽ! उतर लवकर! मेंढरं थांबत नायत!" घोंगडी खांद्याला, काठी हातात, दारापस्तोर गेलो. म्हणलं, एकडाव त्याला बघून घ्यावं.

बघतो तर पाण्यावर फेस. पहिल्यापेक्षा मोठा. आन टाकीपाशी म्हाळसा उभी, हातात भाकरीचा तुकडा! मी म्हणलं, अगं बाई, हे काय? तर म्हणती, "तुमी चाललात म्हणून तोंड उतरलंय बघा त्याचं. म्हणलं, दोन घास खाऊ दे."

माशाचं तोंड उतरलेलं हिला दिसतं! म्या चष्मा लावला, त्या दिवशी नेमका सापडला. आन खोटं कशाला बोलू... उतरलं होतं.

आमच्यात कुणी घर बांधलं नाय हो. आज्यानं नाय, बापानं नाय, म्या नाय. आज ह्या शिवारात, उद्या त्या. आन ह्या बोटभर जिवानं माझ्या भरवशावर दुसऱ्यांदा घर बांधलं, पहिलं म्या मोडल्यावर. कसं जायचं सांगा? ग्यालरीत आलो, वरून ओरडलो, "बिरू, तू हो पुढं! उद्या नळाला पाणी हाय, मला पाणी बदलायचंय!"

"कुणाचं?"

"माशाचं!"

साऱ्या रस्त्यानं ऐकलं. बिरूनं काठी उचलली, आन चालला. दोनशे पाठी. मी डोळे बारीक करून बघितलं, एखादी तरी वळखू येती का... नाय आली.

सांजच्याला बन्सीला सगळं कळलं. पोरगा वाईट नाय, त्याचे डोळे भरले. दुसऱ्या दिवशी आला तो हातात पिलास्टिकची पिशवी हलवत. "बाबा, तुमी जिंकलात, तरी गेलात नाय. हे बक्षीस." पिशवीत लाल मासा. "वायल्या टाकीत ठेवायचा बरं का. वीस लिटर."

म्हाळसानं जाऊन डरमावर बैठकच मारली.

आता सांज झाली, त्यांची दाण्याची वेळ झाली, जातो मी. तीन ह्याला, तीन त्याला. तसा कळप पुन्हा धरलाच म्हणायचा... दोनशेला फकस्त एकशे अठ्ठ्याण्णव कमी.