एका डब्यातले पाच सर्व्हर

हसू नका, पण आमच्याकडं सर्व्हरचीसुद्धा पूजा झाली. मी नांदेडची, कॉम्प्युटर शिकलेली. लग्न होऊन लातूरला आले आणि सासऱ्यांच्या क्लासेससाठी लिनक्सचा होस्ट उभा केला. म्हणजे डबा एकच, पण त्याच्या पोटात हजेरी, ॲडमिशन, टेस्ट असे पाच सर्व्हर. तो नीट चालला तर ऑफिस माझ्याकडं, असं ठरलं होतं.

खंडेनवमीला पोरं घरून टेस्ट देत होती. सासऱ्यांनी डब्याला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि वायर उपसली.

"बाबा, टेस्ट चालू आहे!"

"आज हत्यार चालवत न्हाईत. अन् पाच म्हणलीस ना? एकच तर बंद केलाय!"

सगळ्यांची टेस्ट गेली. मी ते सगळं परत उभं करेपर्यंत पालक दारात. सासरे त्यांना म्हणाले, "सूनबाई नवीन हाय, चुकलं तिचं." आणि आमच्या यांना म्हणाले, "पासवर्ड तू घे."

यांनी घेतला. आता काही अडलं की फोन यांना येतो. मी पोळ्या लाटत सांगते, हे तेच शब्द फोनवर म्हणतात. पलीकडून मला ऐकू येतं, "थँक्यू सर!"