उथळ धार

नाही — नाही म्हणजे नाही. उचला ते स्केट आणि घेऊन जा. बाबा चार वाजता येतील, त्यांच्याकडून धार लावून घ्या. हात थरथरतो त्यांचा, हो, पण तुमची धार ते झोपेतसुद्धा लावतील — पात्याच्या तळाला वीस वर्षं एकच खोबण, तीच उथळ, तिला हात लावायचा नाही आणि प्रश्नही विचारायचा नाही. उद्या फक्त दोन फेऱ्या मारायच्यात? असू दे. निरोपाच्या हॉकी सामन्याला येणाऱ्या तुमच्या सगळ्या दोस्तांचे स्केट मी करते, तुमचे नाही. का? कारण — काम तुंबलंय. दिसत नाही? — बरं, नाही तुंबलेलं. सकाळपासून एक बाई आली, तेवढीच.

बसा मग. गुडघा आखडेल, पाय त्या बाकावर टाका. ही घ्या कॉफी, गाळ बसू द्या आधी. काय? 'तुम्ही' का म्हणतेय? म्हणतेय आपली. आठवतं हो मला — माझ्या अठराव्या वाढदिवशी, ह्याच टेबलाशी, तुम्हीच ग्लासाला ग्लास लावून म्हणालात, "दोरोत्का, 'अहो लेओशकाका' पुरे झालं, आजपासून 'अरे लेओश'." थोरल्यानं दिलेलं 'अरे' परत करायचं नसतं, माहीत आहे. पण मार्चपासून ते माझ्या तोंडातून निघत नाही, त्याला मी काय करू?

उद्या तुमचा एक्केचाळीस नंबरचा शर्ट मानानं मैदानाच्या छताला चढणार, तो नंबर पुन्हा कुणाला मिळायचा नाही. पेपरात सगळं आलंय — सतराव्या वर्षी पहिला सामना, फिनलंडमधले चार हिवाळे, समुद्रापलीकडच्या मोठ्या लीगमध्ये अकरा सामने, मग परत आपल्या ह्या गावात, नऊ वर्षं कप्तान. आणि शेवटची ओळ? 'वयापुढे कुणाचं चाललंय!' वय! बाबा तेच म्हणतात, डॉक्टर तेच, तिकीट खिडकीवरच्या आजीबाई तेच — "बर्फ प्रत्येकाला एकदा घेतोच गं पोरी." वीट आलाय मला ह्या म्हणींचा. सगळ्या मोठ्या माणसांनी मिळून एक पांघरूण घातलंय, आणि खाली काय आहे ते उचलून बघायचं एकालाही सुचत नाही. बर्फाला काय कळतं? बर्फानं काही केलेलं नाही.

मी केलंय. — थांबा, मधे बोलू नका, नाहीतर राहून जाईल. बाद फेरीतला तो पाचवा सामना. तुमचा तो नवा प्रशिक्षक, तुमच्याहून चार वर्षांनी लहान, ह्या दारात उभा राहून मदतनिसाला सांगत होता — मी म्हणजे जशी खुर्चीच — "म्हातारा वळणावर मागं पडतो. आज नाही जमलं तर पुढच्या सामन्याला बाहेर बसवू." तुम्ही शेजारच्या खोलीत काठीला टेप गुंडाळत होतात, बाद फेरी संपेपर्यंत कापायची नसते ती दाढी वाढलेली. बाबा तापानं घरी. तुमचे स्केट माझ्या हातात. मी काय केलं? खोबण खोल केली. न विचारता. खोल खोबणीचं पातं बर्फाला चावतं, वळण कापून जातं, विशीतली पोरं तसलीच मागतात. मी ब्रनोला पाच वर्षं इंजिनिअरिंग शिकले, गणित मांडून बाबांना दाखवलं होतं, तर म्हणाले, कागदावर कुणी घसरत नाही. तुम्हाला वाचवायचं होतं मला, म्हणून मी — नाही. खोटं. बाबांना दाखवायचं होतं. तुमचे पाय नुसते हाताशी होते.

पहिले दोन भाग काय खेळलात तुम्ही! तो गोल — मी काचेमागे नाचत होते. आणि तिसऱ्यात तो ताडमाड बचावपटू येऊन आदळला, तुम्ही फिरलात, पातं फिरलंच नाही, गुडघा पिळवटला. चावून बसलं होतं ना. उथळ असतं तर सरकलं असतं, तुम्ही पडला असतात, शिव्या घालत उठला असतात. तुम्हाला दवाखान्याच्या गाडीत घालत होते तेव्हा मी कुठे होते? इथे. तुमच्या पायातून काढलेले स्केट घेऊन, धारेच्या चाकावर धरून परत उथळ करत होते. कुणी धार नखावर ओढून बघितली असती तर? कुणी बघितली नाही. सात महिने झाले.

बोला ना. शिवी द्या. — काय? परत सांगा. — सामन्याआधीच कळलं होतं? सराव करताना, पहिल्याच वळणाला? मग परत का नाही आलात? मी इथंच होते, दहा मिनिटांचं काम — काय म्हणालात? पुन्हा विशीतले पाय मिळाले? म्हणून? कळूनही तसाच उतरलास? आणि सात महिने, दर रविवारी, समोर बसून माझी कॉफी पीत राहिलास, एक शब्द न बोलता? झोप नव्हती रे मला! तुम्ही मोठी माणसं सगळी सारखी, तू काय, बाबा काय — गप्प राहून माफ करता आणि समजता की आमचंही मिटलं. आमचं मिटत नाही. निम्मी चूक तुझी, म्हणतोस? वाटून कमी होत नसतं ते, लेओश. हात माझा होता.

आण ते इकडे. आण म्हणते ना. किती खोल? — सांग, विचारतेय. ह्या वेळी विचारतेय. — उथळ. बाबांचीच. बरं.

आणि नेताना नखावर ओढून बघ. माझ्यासमोर बघ. विश्वास-बिश्वास नको.

कॉफी संपव आणि ऊठ. पाचला ये. मी चाक चालू करतेय, आता मला काही ऐकू येणार नाही.