पूजीसाठी ठेवलेली जागा

हॅलो?… हॅलो, जया? अगं मी, सुरेखाताई… गावातनंच, शाळेवरनं बोलतीया… व्हय, खिचडी वाटली, पातेली बी घासली. तू उसाच्या फडातनं आलीस का खोपटात, कोपीवर?… मग टेक जरा. आमचं पाव्हणं, पूजीचं बाप, हायत का?… बैलांकडं? असू दे, आधी तू ऐक.

अगं, आपल्या शाळेत वसतिगृह सुरू झालं! ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठी… सरकारचं न्हाई, कंपनीचं. सुप्याच्या एमआयडीसीत ती परदेशी कंपनी न्हाई का, गाड्यांचे पार्ट बनवती… तीच… अगं फसवाफसवी कसली! ऐक तर.

तुमी ट्रकात बसून गेलात ना, त्याच आठवड्यात कंपनीच्या राजेश्वरी मॅडम आल्या हुत्या. शाळेला धा कंप्युटर देनार म्हनं. सरपंचानं हार आनलेला, गुरुजींनी पोरांकडनं टाळ्या घोटून घेतलेल्या… आन मी मागं उभी. तोंडातनं निघूनच गेलं, "मॅडम, निम्मी शाळा ऊस तोडाय गेलीया. कंप्युटरम्होरं बसनार कोन?"

…मीच गं! दुसरं कोन बोलनार! सरपंच असा बघाय लागला, म्हनलं गेलं आपलं खिचडीचं काम… न्हाई, मॅडम न्हाई चिडल्या. हातातली फाईल मिटली, खुर्ची माझ्याकडं वळवली आन म्हनल्या, "मावशी, बसा. सगळं सांगा."

सांगितलं की. तुझंच सांगितलं. म्हनलं, माझी भाची पूजा सातवीत हाय, वर्गात पयली येती, आन आता राहुरीकडं कोपीवर भाकरी थापती, धाकट्या भावाला, ओमला सांभाळती… रागावू नको, खरं ती खरं. मला काय तुला दोष द्यायचा न्हवता.

आन बाई नुसत्या ऐकून गेल्या न्हाईत, जये. चार फड सोता फिरल्या. उसाच्या पाचटात पाय कापला त्यांचा. मग कंपनीत भांडल्या. कंप्युटरचे कागद झालेले, फोटोवाला बी ठरलेला, सगळं फिरवलं! आपन बोलावं आन कुनीतरी त्यावर काम बदलावं, असं झालंय का कधी आपल्या जन्मात?

…आला हुता की परदेशी सायब बी. पंगतीला बसला, बाजरीची भाकरी खाल्ली, आन उठून ताट घेऊन नळावर! मी म्हनते द्या इकडं, त्यो सोडीना, मी बी सोडीना… हस, हस! शेवटी त्यानंच घासलं. जरा तेलकट राहिलं, पन घासलं.

…बोर्ड? लावलाय की, चांगला भिताडाएवढा. लावू दे. काम केलंय, नाव लावलंय.

…व्हय, किती सालं चालनार ती मी बी इचारलं. तीन सालाचं लिहून दिलंय त्यांनी. म्हनलं, म्होरं काय? मॅडम म्हनल्या, "मावशी, पुढचं आज सांगता येत नाही. खोटं सांगणार नाही." तवाच माझा इस्वास बसला बघ.

आता मुद्द्याचं. उद्या सकाळी आठला मॅडमची जीप तुमच्या फाट्यावर येनार. एक जागा पूजीसाठी ठेवलीया, पन आईबापाचा होकार पायजे… ओमला कोन बघील? अगं, तुझ्यासंगं झोळी बांध फडात, आपल्या आईनं तुला न्हेलंच की… मला कळतंय जड जातंय. मी का दगडाची हाय? पन तेरावं लागलंय तिला, जये. आवंदा शाळा सुटली तर सुटलीच. माझी सुटली ती तशीच ना?…

हॅलो?… हाय का?… बरं, दे त्यांच्याकडं.

हां, पाव्हणं, नमस्कार… ऐकलं व्हय सगळं?… पोरीची जात, खरं हाय तुमचं… न्हाई, एकटी कशी? पोरींची खोली निराळी, आन तिथं मीच झोपनार. मलाच ठेवलंय सैपाकाला… कडी?… हाय की, आतनं हाय… खिडकीला गज हायत… संडास आत हाय, भाईर जायाचं काम न्हाई… इचारा, इचारा. बापानं इचारायचंच.

…काय म्हनता? तुमी सोता येता? कामाचा खाडा करून?… मुकादम बोलंल ना… बोलू दे म्हनता?

…या की पाव्हणं! बसा त्याच जीपमधी. खोली बघा, कडी लावून बघा, मॅडमला काय इचारायचं ती इचारा. मनाला न्हाई पटलं तर न्या माघारी, मी आडवी येनार न्हाई…

पूजी कुठं हाय?… दप्तर घेऊन फाट्यावर निघाली? आत्ताच?… अवो, जीप सकाळी आठला हाय, तिला म्हनावं आधी जेव…

हॅलो?… पाव्हणं?… हॅलो?