रंगनाथकाकांचं खरं वय

चहा पाजा, पण मला समाजसुधारणेवर बोलायला लावू नका. मी एका माणसाची नोकरी घालवलीय.

बी.एस्सी. ॲग्री करून जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात लागलो होतो. तिथे चहापाण्याला, फायली उचलायला रंगनाथकाका होते. नातू दहावीत, मला एकदा वय अठ्ठावन्न सांगितलेलं, तरी सगळे त्यांना हाक मारायचे, "बॉय!"

मी हेडक्लार्कवर चिडलो. "बॉय म्हणजे मुलगा. गोऱ्या साहेबांनी पिकल्या केसांच्या नोकरालाही लहान ठेवायला वापरलेली हाक ही. लाज वाटत नाही?"

"अहो, ज्याला हाक मारतो त्याला इचारा ना."

काकांना मी विचारलंच नाही. मॅनेजरला सरळ अर्ज दिला, की अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला बॉय म्हणणं हा अपमान आहे.

मॅनेजरने अर्ज दोनदा वाचला. "तुमचं बराबर आहे. पण अठ्ठावन्न? रजिस्टरात तर पंचेचाळीस लिहिलंय."

निवृत्तीचं वय झालं म्हणून पंधरा दिवसांत काकांना घरी बसवलं. जाताना मी हात जोडले. "काका, चुकलं माझं."

"न्हाई साहेब, तुम्ही चांगलंच करायला गेल्ते. पण बॉय म्हणत व्हते तवर माझं वय कोणी मोजलं न्हाई."

काका दारात थांबले.

"मंग आता माझ्या जागी नातवाला लावता का? त्याला बॉय म्हणलं तर तुमची हरकत न्हाई ना?"