वर्षाली नावाची होडी

मोशीच्या थांब्यावर बसच्या रांगेत माझ्यापुढे कंपनीच्या गणवेशातल्या दोन मुली उभ्या होत्या. एकाच खोलीत राहत असाव्यात.

“वर्षाली, कंपनीच्या मालवण ट्रिपचे फोटो दाखव की. मला मेलीला सुट्टीच मिळाली नाही.”

“घे, बघ.”

“लै भारी! असल्या जागा सापडल्या कशा गं?”

“माझंच गाव ना, निशे. कुठल्या वेळी कुठं ऊन पडतं ते पाठ आहे मला.”

“अन् ह्या निळ्या होडीवर तुझंच नाव?”

“योगायोग, असं सांगितलं सगळ्यांना.”

“म्हंजे? तुमची आहे का काय?”

“बाबांची. ते तिथंच जाळं शिवत बसले होते. फाटका बनियन, गुडघ्यापर्यंत चिखल. मोनिका म्हणाली, त्या माणसाला सरकायला सांग, फोटोत येतोय.”

“मग सांगितलंस ना, माझे बाबा आहेत म्हणून?”

“मी म्हटलं, काका, जरा सरकता का?”

“वर्षे!”

“उठले गं ते. जाळंसुद्धा उचललं. म्हणाले, मॅडम, ह्या बाजूनं काढा, नाव नीट दिसेल.”

“अगं, मागच्या महिन्यात त्यांनी माझ्यासाठी सुक्या कोळंबीचे वेगळे सोडे बांधून पाठवले होते.”

“माहितीय.”

“फोन केलास का नंतर?”

“रोज नंबर काढते. हॅलो म्हटल्यावर काय हाक मारू?”

बस आली. दोघी जागच्या हलल्या नाहीत, आणि त्यांना सरका म्हणायला माझी जीभ रेटेना.